निधी उपलब्धतेनुसार

रोखे दहा वाजून पाच मिनिटांनी विक्रीला निघाले
आणि दहा-नऊला संपले.
चार मिनिटांत दोनशे कोटी.
तिसऱ्या मजल्यावर पेढे वाटले.
बेंडकुळे साहेबांनी नोकरीत पहिल्यांदा
स्वतः उठून पंखा बंद केला,
भाषण ऐकू जावं म्हणून.

मी अर्धाच पेढा खाल्ला.
उरलेला कागदात बांधला, डगळेंसाठी.

डगळे टाकळीच्या केंद्रावर असतात, रात्रपाळीला.
गेल्या भाद्रपदात पतमानांकनवाले आले
तेव्हा त्यांना दिवसाही बोलावलं होतं, बूट पुसून.
पाहुणे चौघे. एकाच्या नाकावर अत्तराचा रुमाल.
वसुली किती, थकबाकी किती,
कर्ज फेडणार कशातून?
मी कागद पुढे सरकवत होते :
घरपट्टी, पाणीपट्टी, मलनिस्सारण लाभकर.
डगळे मधेच म्हणाले,
"साहेब, नाशिककर रोज सकाळी उठून फेडतातच की."
पाहुण्यांपैकी कुणी हसलं नाही.
मी हसले. ते इतिवृत्तात नाही.

मग त्यांनी दोन बरण्या आणल्या,
लोणच्याच्या असाव्यात तशा, जुन्या, जाड काचेच्या.
एकीत आत येतं ते.
बारशाचं, दहाव्याचं, दवाखान्यांचं,
रंगाच्या कारखान्यातून चोरून सोडलेलं,
माझ्या बॉसचं, माझं.
दुसरीत बाहेर जातं ते.
दुसरी त्यांनी उन्हात धरली
आणि बरीच वेळ खाली ठेवली नाही.
"दिसतं स्वच्छ. पण डोळ्यावर जाऊ नका,
बीओडी विचारा. आज नऊ आहे."
नऊ हा आकडा ते असा म्हणाले
जसं कुणी लेकीचे मार्क सांगतं.

पाइपला जात नसते.
पाइपात उतरणाऱ्याला असते.
डगळेंचा मेहुणा चेंबरमध्ये उतरला होता, मार्चअखेरीला,
आणि ती भरपाई कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायची
हे सापडत नव्हतं.
मी शोधून दिलं.
"संकीर्ण."

परतफेड बारा वर्षांनी.
सिंहस्थ ते सिंहस्थ, असं कुणी ठरवलं नसणार,
पण मला तक्ता करताना हात थांबवावा लागला.
लोक बारा वर्षांनी इथे पाप फेडायला येतात.
आम्ही मुद्दल.
व्याज सहा महिन्यांनी, न चुकता,
एका वेगळ्या खात्यातून
ज्याला आयुक्तांनाही हात लावता येत नाही.
असं एखादं खातं
गंगेच्या नावानं आधीच का उघडलं नाही,
हा प्रश्न मी टिपणीत लिहिला होता.
मग खोडला. शाई अजून दिसते.

घरी गेले. नासर्डीच्या कडेला आमची इमारत,
तीन मजले, बारा बिऱ्हाडं.
नऊ वर्षं मी लाभकर भरते, सवलतीच्या मुदतीत.
मागच्या बाजूला, कढीपत्त्याच्या झाडाखाली,
आमचा सहा इंची पाइप
भिंतीतून बाहेर येतो
आणि संपतो.
पुढे नाला. नाला नासर्डीत.
नासर्डी डगळेंच्या कुंपणाला घासून,
त्यांच्या बरण्यांना चुकवून,
थेट गंगेत.

मला हे माहीत नव्हतं असं नाही.
जोडणीच्या यादीत आमचा अनुक्रमांक एक्केचाळीस आहे,
यादी मीच टाइप केली होती.
फक्त त्या दिवशी पेढ्याचा कागद हातात होता
आणि वरून कुणीतरी, बहुतेक कुसुमवहिनींनी,
फ्लश ओढला.

सोमवारी साध्या कागदावर अर्ज लिहिला.
अर्जदार : सुलक्षणा रमाकांत वडनेरे.
आवक क्रमांक मीच टाकला, शिक्का मीच मारला.
दुपारी तो फिरून
माझ्याच टेबलावर आला, अभिप्रायासाठी.

अशा अर्जांवर काय लिहायचं ते ठरलेलं असतं.
एकोणीस वर्षं लिहितेय, हात आपोआप जातो.
दोन शब्द आहेत,
दुसरा थोडा लांब.

पहिला लिहिला.
पेन तसंच धरून बसले.
खिडकीतून शरणपूर रोडचा सिग्नल दिसतो,
तो तीनदा हिरवा झाला.
डगळेंचा पेढा ड्रॉवरमध्येच राहिला होता,
त्याला मुंग्या लागल्या होत्या.